अजून चालेल

टँकर गळत गेला होता धायरी फाट्यापर्यंत.
एप्रिलच्या कोरड्या रस्त्यावर
पाण्याची एक बारीक, वाकडी रेघ.
तिच्यावर मागचं चाक वीतभर सरकलं.
पडले नाही.
पाय टेकला, चपलेचा अंगठा तुटला,
मागून रिक्षावाल्यानं विचारलं, ‘झोपलात का काकू?’

आमच्याकडे ‘अजून चालेल’ आडनावासारखं लावतात.
पेस्टची नळी उभी चिरून आणखी तीन दिवस,
छत्रीची काडी दोऱ्यानं बांधून दोन पावसाळे.
टायरलाही मी तेच म्हणत आले,
दिवाळीला, संक्रांतीला,
मार्च एंडला तर विचारूच नका.

वर्गीसनं गाडी मधल्या स्टँडवर घेतली.
तीस वर्षांत त्याचं मराठी धायरीचंच झालंय,
फक्त टायरला तो अजून बाई समजतो.
खिशातला रुपया काढून खाचेत उभा केला.
रुपया उभा राहिना.
‘ही गेली,’ म्हणाला, आणि बोट ठेवलं.
खाचेच्या तळाशी एक आडवी गाठ असते,
कंपनीनंच ठेवलेली.
रबर झिजत तिच्या पातळीला आलं की संपलं.
माझं आलं होतं.
रोज किल्ली लावणाऱ्याला
ते कुठल्या दिवशी दिसणार?

मग चाक सावकाश फिरवलं.
‘मधोमध पाट झालाय. बायपासनं जाता?’
धायरी ते भोसरी, जाऊन-येऊन साठ.
‘आणि काठाला बघा, केस तसेच.’
नव्या टायरला असतात ते रबराचे बारीक केस
दोन्ही बाजूंना उभे होते.
चार वर्षांत त्यांना रस्ता लागला नव्हता.
‘तुम्ही गाडी झुकवतच नाही, मॅडम.
वळणावर उतरून ढकलता काय?’
मी हसले. खरं तर
वळण आलं की ब्रेक दाबते, श्वास धरते,
आणि गाडी उभीच्या उभी वळवते,
कपाट सरकवावं तशी.

पुढचा टायर बघताना तो बोलेना.
खाच चांगली खोल. रुपया ऐटीत उभा.
‘हा अजून चालेल!’ मी म्हटलंच.
‘नख रुतवा.’
रुतेना. नखच दुखलं.
बाजूला भेगा, उन्हात राहिलेल्या साबणासारख्या,
आणि भेगांमध्ये चार आकडे: ३४१६.
सोळा सालातला चौतिसावा आठवडा.
‘ही मागचीपेक्षा जुनी. हिचे काठ झिजलेत बघा,
डावा जास्त.
ही तुम्ही नाही झिजवली. आधी कोण चालवायचं?’

कात्रजचा जुना घाट. मी मागे.
गुडघा डांबराला लागेल म्हणून ओरडायची
आणि मधुसूदन म्हणायचा, माझ्याबरोबर झुक,
तू ताठ बसलीस तर दोघंही जाऊ.
वाटणीत फ्रिज त्याच्याकडे गेला, गाडी माझ्याकडे.

‘होता एक,’ मी म्हटलं.
वर्गीसनं पाना उचलला.

दोन्ही बदलले. त्यानं पन्नास रुपये सोडले,
ट्यूबच्या नावाखाली परत घेतले.
‘जुन्या नेता? कुंडीला बऱ्या पडतात.’
नको म्हटलं.
गेटपर्यंत गेल्यावर वाटलं, न्यायला हव्या होत्या.
‘आणि पहिले दीडशे किलोमीटर जपून.
नवीपण घसरते. वरचं मेण जायला लागतं.’
‘कसं जातं ते?’
‘चालवून. थोडं थोडं झुकवून.’

संध्याकाळी कालव्याच्या कडेचा रिकामा रस्ता गाठला.
एकच वळण तीनदा.
पहिल्यांदा उभंच घेतलं.
दुसऱ्यांदाही उभंच, पण ब्रेकला हात न लावता.
तिसऱ्यांदा मध्येच कुणाची तरी म्हैस बसलेली,
ते धरू नये.

पार्किंगमध्ये मोबाइलच्या उजेडात काठ बघितला.
वॉचमन विचारत होता, काय हरवलं?
केस सगळे जागच्या जागी.
डावीकडचा एक मात्र,
बोट फिरवल्यावर,
जरा वाकल्यासारखा लागला.